सर्टिफिकेट घेऊ की पदवी? : हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या नोकरीबद्दल थोडं



बारावीचा निकाल लागला की आपल्या गटांच्या बैठकीत बचतीचा हिशोब जरा मागं पडतो आणि मुलींच्या शिक्षणाचं बोलणं सुरू होतं. यंदा पनवेल तालुक्यातल्या दोन-तीन गटांत मला एकच प्रश्न विचारला गेला. "ताई, पोरीला हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करायचंय. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट करून मोकळं व्हावं, की तीन वर्षं काढून पदवी घ्यावी?" एका गटात तर क्लासच्या फीसाठी तीस हजारांच्या कर्जाचा अर्जही आला. म्हणजे आता हा एका घराचा प्रश्न राहिला नाही. त्यात दहा-बारा बायकांची घामाची बचत आहे. म्हणून आज याच विषयावर बोलू.

हा प्रश्न आपल्याकडेच इतका का येतो, ते आधी बघा. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. कामोठे, खारघर, कळंबोली, नवीन पनवेल सगळीकडे इमारती वाढल्या आणि त्यांच्यासोबत दवाखानेही वाढले. पनवेलला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. कामोठ्याला एमजीएमचं मोठं हॉस्पिटल आहे. खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोगाचं केंद्र आहे. गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत ती वेगळीच. डॉक्टर आणि नर्स आपल्याला दिसतात. पण या प्रत्येक ठिकाणी टेबलामागे बसून कागद सांभाळणारी माणसंही लागतात. नेरे, वावंजे, तारा, आपटा या बाजूच्या मुलींना एसटी किंवा रिक्षानं जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असं ते काम आहे. त्यामुळे मुलींच्या मनात ते भरलं तर नवल नाही.

पण "हॉस्पिटलचं ऑफिस" म्हणजे एकच काम नव्हे. त्यात निदान चार वेगवेगळी टेबलं आहेत, आणि प्रत्येक टेबलाला लागणारं शिक्षण वेगळं आहे. बहुतेक घरांत इथंच गोंधळ होतो.

पहिलं टेबल केसपेपरच्या खिडकीचं. पेशंटचं नाव, वय, पत्ता लिहून घ्यायचा, डॉक्टरांची वेळ द्यायची, फोन घ्यायचा, कुणाला कुठल्या मजल्यावर जायचं ते सांगायचं. इथं चांगलं बोलणं, कॉम्प्युटरवर बिनचूक टायपिंग आणि शांत डोकं लागतं. बारावी आणि कॉम्प्युटरचं ज्ञान एवढ्यावर लहान दवाखान्यांत मुली इथं लागतात.

दुसरं टेबल बिलाचं आणि विम्याचं. पेशंट कॅशलेस असेल तर विमा कंपनीकडे कागद पाठवायचे, मंजुरी आणायची, डिस्चार्जच्या दिवशी हिशोब जुळवायचा. याच बाजूला सरकारी योजनेचं कामही येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तुम्हाला माहीत आहे. ती २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. योजनेतल्या हॉस्पिटलात जे आरोग्यमित्र बसतात, ते पेशंटचं रेशनकार्ड आणि ओळखपत्र तपासून अर्ज पुढे पाठवतात. या टेबलाला आकडे, इंग्रजी वाचन आणि नियम समजण्याची तयारी लागते.

तिसरं टेबल रेकॉर्डचं. पेशंट घरी गेला तरी त्याची फाइल हॉस्पिटलात राहते. दाखल झालेल्या पेशंटचे कागद निदान तीन वर्षं जपून ठेवायचे, आणि पेशंटनं मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असा डॉक्टरांसाठीचा २००२ सालचा नियम आहे. बाळ जन्मलं किंवा कुणी गेलं तर २१ दिवसांत नोंद कळवावी लागते. एक्स्प्रेस-वे आपल्या कळंबोलीतूनच सुरू होतो, त्यामुळे अपघाताच्या केसेस येतात आणि त्यांची पोलिसांसाठी वेगळी नोंद ठेवावी लागते. हे जबाबदारीचं काम आहे. बाळाच्या नावात एक अक्षर चुकलं, तर त्याचे आईबाप पुढं किती वर्षं कचेऱ्या हिंडतात, ते आपण गावात बघतोच.

चौथं टेबल कोडिंगचं. प्रत्येक आजाराला जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेला एक क्रमांक असतो. डॉक्टरांचे कागद वाचून तो क्रमांक लावायचा. नवी मुंबईतल्या ऑफिसांत परदेशातल्या हॉस्पिटलांसाठीही हे काम चालतं. या कामाला शरीराची माहिती आणि चांगलं इंग्रजी लागतं. त्यामुळे तिथं सहसा पदवीधर मुली-मुलं घेतात, त्यातही विज्ञान शाखेच्या मुलांना पसंती असते. "बारावी आर्ट्सला तीन महिन्यांत कोडर करतो" असं कुणी म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका.

म्हणून मुलीला आधी हे विचारा, "बाई गं, तुला यातल्या कुठल्या टेबलावर बसायचंय?" सर्टिफिकेट की पदवी, हे त्यानंतर ठरेल.

आता सर्टिफिकेट काय देतं ते बघू. चांगलं सर्टिफिकेट लवकर कामाला लावतं. मुलीला दवाखान्याची भाषा कळते, सॉफ्टवेअरवर हात बसतो, मुलाखतीला धीर येतो. ज्या घरात कमावणारं माणूस नाही, नवरा गेलाय किंवा सासऱ्याच्या औषधाचा खर्च आहे, तिथं तीन वर्षं थांबा असं सांगणं सोपं, पण त्या बाईला ते परवडत नाही. तिला सहा महिन्यांत पगार हवा. तिच्यासाठी सर्टिफिकेट हा योग्य रस्ता आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण या रस्त्यावर पुढे एक भिंत लागते. आमच्या एका गटातली सून चार वर्षं नर्सिंग होमच्या खिडकीवर आहे. काम उत्तम. डॉक्टर सुट्टीवर असले तर अर्धा दवाखाना तीच सांभाळते. तिनं मोठ्या हॉस्पिटलात बिलिंगच्या जागेसाठी अर्ज केला, तर पहिल्याच रकान्यात विचारलं, पदवी कुठली? तिचा अनुभव कुणी वाचलाच नाही.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई पदवीचीच बाजू घेतात. दुसऱ्या एका गावात बी. ए. झालेली मुलगी दोन वर्षं घरी बसून आहे. पदवी आहे, पण मराठी टायपिंग येत नाही, एक्सेलमध्ये बेरीज करता येत नाही, विम्याचा फॉर्म तिनं कधी बघितला नाही. हॉस्पिटलवाल्यांनी तिला तरी का घ्यावं? नुसत्या पदवीवर दार उघडेल, पण आत जाऊन काम जमायला हवं ना.

आता कायद्याचं थोडं सांगते. हे क्लासवाले सहसा सांगत नाहीत. २०२१ साली केंद्र सरकारनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डॉक्टर-नर्स सोडून आरोग्याच्या क्षेत्रात जी इतर कामं आहेत, त्यांच्या शिक्षणाचं आणि नोंदणीचं हे माप आहे. त्यात कामांचे दहा गट आहेत. शेवटचा गट आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा, म्हणजे रेकॉर्ड सांभाळणारे, कोडिंग करणारे, मेडिकल सेक्रेटरी वगैरे. आपण बोलतोय तीच ही कामं. कायदा म्हणतो की संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर पदविका किंवा पदवी हवी, आणि शिक्षण निदान दोन हजार तासांचं हवं, तेही दोन ते चार वर्षांत पूर्ण केलेलं. त्याच्या वरच्या पायरीला, म्हणजे आरोग्यसेवा व्यावसायिकाला, पदवीच हवी आणि निदान तीन हजार सहाशे तास हवेत.

आता आपल्या क्लासचा हिशोब करा. रोज दोन तास, महिन्याला पंचवीस दिवस, सहा महिने. किती झाले? तीनशे तास. कुठं तीनशे आणि कुठं दोन हजार! म्हणजे ते सर्टिफिकेट खोटं आहे असं नाही. खिडकीवर बसायला ते चालेल. पण रेकॉर्ड आणि कोडिंगच्या कामात नोंदणीची सक्ती जसजशी येत जाईल, तसतसं तीनशे तासांच्या कागदाचं वजन कमी होत जाणार. आज अठरा वर्षांची असलेली मुलगी पुढची पस्तीस-चाळीस वर्षं नोकरी करणार आहे. तिनं हे आताच धरून चालावं.

यातच आणखी एक सूचना. या कायद्यात येणारे आरोग्याचे विषय पत्रद्वारा किंवा ऑनलाइन पदवीनं शिकवायला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या प्रवेशांपासून बंदी घातली आहे. त्यामुळे "घरबसल्या मेडिकलची पदवी" अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी आयोगाच्या वेबसाइटवर बघून घ्या. साधी बी. ए., बी. कॉम. मात्र मुक्त विद्यापीठातून करता येते. त्याला हरकत नाही.

सरकारी नोकरीचं काय? सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेत लिपिक व्हायचं असेल तर पदवी लागते. सोबत मराठी टायपिंगची ३० किंवा इंग्रजीची ४० शब्दांची परीक्षा आणि एमएस-सीआयटीसारखं कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र लागतं. पदवी कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची चालते. या ठिकाणी खासगी क्लासचं सर्टिफिकेट पदवीची जागा घेऊ शकत नाही.

मग करायचं काय? माझं मत मी स्पष्ट सांगते. बहुतेक घरांसाठी उत्तर "हे किंवा ते" असं नाही. कुठलं आधी आणि कुठलं मागून, एवढंच ठरवायचं आहे.

मुलगी अठरा-एकोणीसची आहे, बारावी झाली आहे आणि घर तीन वर्षं तग धरू शकतं, तर पदवीला घाला. पनवेलमध्ये रयतचं महात्मा फुले महाविद्यालय आहे, खांदा कॉलनीत चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे. बिलाच्या टेबलासाठी बी. कॉम. उपयोगी पडतं. रेकॉर्ड आणि कोडिंगकडे जायचं असेल आणि बारावी विज्ञान असेल, तर आरोग्य क्षेत्रातली बी. एस्सी. बघा. पदवीच्या सुट्ट्यांमध्ये टायपिंग आणि एमएस-सीआयटी करून घ्या. शेवटच्या वर्षी दवाखान्याच्या कामाचं छोटं सर्टिफिकेट करा. तीन वर्षांनी मुलीच्या हातात दोन्ही असतील. नव्या शैक्षणिक धोरणात आणखी एक सोय आहे. काही अडचणीनं मध्येच थांबावं लागलं, तर ठरलेले गुण पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळू शकते, आणि नंतर परत येऊन शिक्षण पुढे नेता येतं. त्यामुळे "मध्येच लग्न ठरलं तर सगळं वाया" ही भीती आता पूर्वीइतकी खरी नाही.

फीची काळजी असेल तर हे ऐका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत. खासगी क्लासच्या सर्टिफिकेटला ही माफी नाही. त्यामुळे कधी कधी तीन वर्षांची पदवी सहा महिन्यांच्या क्लासपेक्षा स्वस्त पडते, हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण तसं होतं.

आता दुसरी ताई. वय तीस-बत्तीस, दोन मुलं, घरात पैशाची चणचण. तिनं आधी सर्टिफिकेट घ्यावं, पण शक्यतो फुकटचं. ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. तिची वयोमर्यादा पस्तीस वर्षं, पण बायकांसाठी पंचेचाळीसपर्यंत आहे. पंचायत समितीत उमेदच्या कक्षात जाऊन विचारा की आरोग्य क्षेत्राची तुकडी सध्या कुठं चालू आहे. काम लागलं की त्याच वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी. ए. किंवा बी. कॉम.ला नाव घाला. हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं ते आपल्यासारख्यांसाठीच, ज्यांना रोज कॉलेजला जाता येत नाही त्यांच्यासाठी. पुस्तकं घरी, नोकरी सांभाळून अभ्यास. तीन वर्षांनी तिच्याकडे तीन वर्षांचा अनुभव असेल आणि पदवीही. ती भिंत तिच्या वाटेत राहणार नाही.

आता कर्जाचं बोलू, कारण तो अर्ज अजून आपल्यासमोर आहे. समजा तीस हजारांचं अंतर्गत कर्ज, महिन्याला दोन टक्के व्याज, दहा हप्ते. दर महिना तीन हजार मुद्दल. पहिल्या महिन्याचं व्याज सहाशे, मग पाचशे चाळीस, असं उतरत जाईल. सगळं मिळून व्याज तीन हजार तीनशे. म्हणजे तेहेतीस हजार तीनशे परत करायचे, आणि पहिला हप्ता छत्तीसशेचा. पण क्लास सहा महिन्यांचा आहे. पहिले सहा हप्ते पगाराशिवाय भरायचे. ते कुठून येणार? आईच्या मजुरीतून. समजा मुलीला सुरुवातीला दहा हजार पगार लागला आणि त्यातले दोन हजार येण्याजाण्याला आणि डब्याला गेले, तर आठ हजार उरतील. हे जमू शकतं, पण नोकरी लागली तर. त्या "तर"चं उत्तर क्लासवाल्यानं द्यायला हवं. त्या गटाच्या बायकांनी ठराव पुढं ढकलला आणि मुलीच्या आईला म्हणाल्या, "आधी चौकशी करून ये, पैसे आम्ही बाजूला ठेवतो." मला त्यांचं हे वागणं फार आवडलं. कर्ज नाकारलं नाही, पण डोळे झाकूनही दिलं नाही.

चौकशी काय करायची, ते लिहून घ्या. पेन्सिल घ्या हातात.

एक, हे सर्टिफिकेट कोण देतं? क्लास स्वतःच छापतो, की सरकारी कौशल्य मंडळ किंवा विद्यापीठ देतं? विद्यापीठाचं नाव सांगितलं तर ते आयोगाच्या यादीत आहे का ते बघा. बनावट विद्यापीठांची यादीही आयोगाच्या वेबसाइटवर असते.

दोन, एकूण तास किती, आणि त्यातले खऱ्या हॉस्पिटलात बसून किती? नुसत्या फळ्यावर हे काम शिकता येत नाही.

तीन, मागच्या तुकडीतल्या दोन मुलींशी बोलू द्या. "शंभर टक्के नोकरी" असं लिहिलेल्या फलकापेक्षा त्या दोघींचा शब्द खरा धरा.

चार, फी हप्त्यानं घेता का, पक्की पावती देता का, मधेच सोडलं तर काय परत मिळतं? आमच्या भागात एका क्लासनं पूर्ण फी रोख घेतली, पावती दिली नाही, आणि तिसऱ्या महिन्यात शटर खाली. त्या मुलींच्या हातात दाखवायला कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. क्लासच्या आधी हॉस्पिटलात जा. ज्या तीन-चार ठिकाणी मुलीला काम करायचंय, तिथं नोकरभरतीच्या टेबलावर विचारा, "तुमच्याकडे या जागेला काय शिक्षण लागतं? हे सर्टिफिकेट तुम्ही धरता का?" एक दिवसाची मजुरी बुडेल, पण तीस हजार वाचतील.

नोकरी लागतानाही दोन गोष्टी विचारा. नेमणुकीचं पत्र मिळेल का, आणि भविष्य निर्वाह निधी व ईएसआयसी कापतात का? पगार महिना एकवीस हजारांपर्यंत असेल आणि हॉस्पिटल कायद्यात बसत असेल, तर ईएसआयसीत मुलीला आणि तिच्या घरच्यांना उपचार मिळतात. नेमणुकीचं पत्र नसेल तर चार वर्षांचा अनुभव कुठंच सिद्ध करता येत नाही, हे विसरू नका.

शेवटी लेकींसाठी एक गोष्ट, जी सर्टिफिकेटवरही लिहिलेली नसते आणि पदवीवरही. त्या टेबलावर तुमच्यासमोर लोकांची दुखणी येतात. कुणाची गर्भाची तपासणी, कुणाचा एचआयव्हीचा अहवाल, कुणाच्या नवऱ्यानं केलेली मारहाण. उद्या तुमच्याच गावची बाई तुमच्या खिडकीशी उभी असेल. तिची फाइल गावात बोलायची नाही. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे की माणसाच्या संमतीवाचून ते उघड करता येत नाही. ज्या मुलीच्या तोंडून गोष्ट बाहेर जात नाही, तिच्यावर पेशंटही विश्वास ठेवतात आणि डॉक्टरही.

तर ताईंनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. तुमच्या गटात बारावी झालेल्या किती मुली आणि किती सुना आहेत त्यांची यादी करा. प्रत्येकीच्या नावापुढं लिहा, तिला कुठलं टेबल हवं, घर किती दिवस थांबू शकतं, आणि कुठली फुकटची सोय तिला लागू पडते. मग कर्जाचा विचार करा. चौकशीला एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी मिळून जा. सोबत कुणी असलं की प्रश्न विचारायला तोंड उघडतं, हे आपण बँकेत शिकलोच आहोत.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. येते. नमस्कार.